अर्थशास्त्राची परिभाषा आणि आपला माणूस

दलित साहित्याच्या चळवळीने भाषेचा प्रश्न ऐरणीवर आणला, हे आता विरोधकांनाही मान्य करावे लागते. कोणाची बोली प्रमाण आणि कोणाची अशुद्ध, हे ठरवणारे तुम्ही कोण, असा सवाल आपल्या कवींनी आणि आत्मकथनकारांनी केला. पण कवितेच्या भाषेपेक्षाही आपल्या माणसाच्या जगण्यावर जिचा अंमल अधिक चालतो अशी एक दुसरी भाषा आहे. ती शासन निर्णयात असते, अर्थसंकल्पाच्या पुस्तकात असते, कर्जाच्या कागदावर बारीक टायपात असते. त्या कागदावर आपण सही करतो किंवा अंगठा उठवतो. वाचत मात्र नाही. ती तज्ज्ञांची भाषा, असे म्हणून आपण तिला हात लावायचे सोडून दिले आहे.

वास्तविक असे म्हणण्याचा अधिकार इतर कोणाला असेल, आपल्याला नाही. बाबासाहेबांचे उच्च शिक्षणच मुळी अर्थशास्त्राचे. १९१५ सालचा त्यांचा कोलंबिया विद्यापीठातला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर होता. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आला, १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा. घटनाकार बाबासाहेब आपण वाचले, धम्माचे बाबासाहेब वाचले. अर्थतज्ज्ञ बाबासाहेब जयंतीच्या फलकावर राहिले. माझ्या वर्गातील मुले व्याख्या तोंडपाठ करून येतात, कारण परीक्षेत त्यांना दोन गुण असतात. पण 'वेतन' या शब्दाची व्याख्या लिहून आलेल्या मुलाला आपल्या बापाची सालाची बोली ही त्या व्याख्येत बसते की नाही, हे विचारले तर तो गोंधळतो. पुढे काही शब्द घेतले आहेत. त्यांचा क्रम पाठ्यपुस्तकातला नाही.

श्रमाचा मोबदला म्हणजे वेतन, अशी व्याख्या असते. तिच्यात दोन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या आहेत. एक, श्रम विकणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची मुभा आहे. दोन, मोबदला किती हे काम करण्यापूर्वी ठरलेले आहे. गावगाड्यात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. महाराने सरकारी टपाल न्यायचे, सारा वसुलीसाठी पाटलामागे फिरायचे, मेलेले ढोर ओढायचे. कामाची यादी लांब होती आणि ती संपत नव्हती. मोबदला म्हणून वतनाची जमीन, तिच्यावरही जुडी नावाचा सारा. उरलेले बलुते सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन मागायचे. देणाऱ्याची मर्जी असेल तर पेंढी मिळणार, नसेल तर शिवी. याला वेतन म्हणता येत नाही, कारण येथे करारच नाही. जन्म हाच करार.

यात वित्तशास्त्राचा एक मुद्दा दडलेला आहे. महाराकडून काम करून घेणारे सरकार होते, आणि त्याच्या पोटाची जबाबदारी मात्र गावावर टाकलेली होती. म्हणजे सरकारच्या हिशेबवहीत जो खर्च दिसायला हवा होता, तो वहीत न दाखवता एका जातीच्या पाठीवर ढकलला गेला. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचे विधेयक आणले. बलुत्याऐवजी रोख पट्टी बसवून ती साऱ्याबरोबर वसूल करावी आणि कामगाराला रोख पगार मिळावा, असा त्याचा रोख होता. हे विधेयक आपण सामाजिक सुधारणेचे म्हणून ओळखतो. ते लपवलेला सरकारी खर्च उघड्यावर आणणारे विधेयकही होते. शेवटी ही वतने कायद्याने खालसा झाली ती १९५८ च्या अधिनियमाने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

आता 'किमान वेतन'. १९४८ साली त्याचा कायदा झाला. त्याचे विधेयक १९४६ साली मांडले गेले तेव्हा मजूरमंत्री बाबासाहेब होते. आज हा कायदा स्वतंत्र उरलेला नाही. २०१९ च्या वेतन संहितेत तो विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. किमान वेतन म्हणजे योग्य वेतन असा समज पसरलेला आहे, आणि मालकांनी तो मुद्दाम पसरू दिला आहे. किमान म्हणजे याच्या खाली गेलात तर गुन्हा, एवढाच त्याचा अर्थ. किती खाली, आणि कसला गुन्हा? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिले. दिल्लीत एशियाडसाठी स्टेडियमे, पूल, हॉटेले उभी राहत होती. त्या बांधकामावरील मजुरांच्या प्रश्नावर पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठच होय. मजूर आपणहून आला होता, त्याने कबूल केले होते, हा बचाव चालणार नाही. भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच. 'वेठ' हा आपल्या आज्याच्या तोंडचा शब्द अशा रीतीने देशाच्या घटनाकायद्यात जाऊन बसला. नगरपालिकेच्या कंत्राटदाराकडे झाडू मारणाऱ्या आपल्या भावाबहिणींना हा निकाल कोणी समजावून सांगितला आहे काय? त्यांच्या हातात किती पडते आणि कागदावर किती लिहिले जाते, यातला फरक सगळ्यांना ठाऊक असतो. त्या फरकाला कायद्यात काय म्हणतात, तेवढे ठाऊक नसते.

ऊसतोडीकडे पाहा. बीडकडचे, नगरकडचे कितीतरी कुटुंबकबिले दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात. मुकादम आधी 'उचल' देतो. पाठ्यपुस्तकाप्रमाणे तिला आगाऊ वेतन म्हणावे लागेल. पण तिचे खरे रूप कर्जाचे आहे. वेतन काम झाल्यावर मिळते आणि मजूर मोकळा होतो; उचल कामाआधी मिळते आणि मजूर बांधला जातो. हंगाम संपेपर्यंत फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. आजारपणात खाडा पडला तर त्याचे पैसे उलट मजुराकडूनच कापले जातात. शिवाय नवराबायको मिळून हिशेब 'एक कोयता' असा धरतात. म्हणजे पहाटे उठून मोळ्या बांधणारी, डोक्यावरून ट्रकात चढवणारी बाई हिशेबात स्वतंत्र माणूस म्हणून नोंदलीच जात नाही. तिची मजुरी कोणी कमी देत नाही, ती मुळात मोजलीच जात नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. कर्ज फिटेपर्यंत राबणे ही वेठबिगारी, अशीच त्याची व्याख्या आहे. उचलीला तो लावायचा की नाही, हा प्रश्न विचारायलाच सगळे बिचकतात, कारण साखरेचे राजकारण सगळ्यांच्याच घरचे आहे.

मजुरीबद्दल आणखी एक भेद सांगितला पाहिजे. पैशातले वेतन वेगळे आणि वास्तव वेतन वेगळे. समजा, रोज ३०० रुपये मिळतो आणि ज्वारी ३० रुपये किलो आहे. म्हणजे दिवसाची कमाई दहा किलो ज्वारी. पुढल्या वर्षी रोज ३३० झाला आणि ज्वारी ४० वर गेली. आता कमाई सव्वाआठ किलो. मालक म्हणतो, दहा टक्के वाढ दिली, तेही खरे. चूल म्हणते, पावणेदोन किलो गेली, तेही खरे. माझ्यासारख्या कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला महागाई भत्ता आहे, निर्देशांक चढला की तो चढतो. शेतमजुरांसाठीही सरकार वेगळा निर्देशांक काढते, पण त्याप्रमाणे सालगड्याचा रोज कोण वाढवतो? रुपयाच्या प्रश्नावर लिहिताना बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले होते. रुपया घसरला की निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला नफा दिसतो. तो नफा बराचसा या कारणाने असतो की किमती वाढतात आणि मजुरी मागे रेंगाळते. चलनवाढ ही सर्वांवर सारखी कोसळणारी आपत्ती नाही. तीत कोणाचे तरी खिशातून जाते आणि कोणाच्या तरी खिशात येते.

बेकारीचेही असेच. सरकारी पाहणीत चालू आठवड्याची स्थिती मोजताना, सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी तासभर काम मिळाले असेल तर तो माणूस रोजगारात धरतात. मजूर अड्ड्यावर सहा दिवस उभे राहून परत आलेला आणि सातव्या दिवशी कोणाची तरी माती उपसून दिलेला इसम त्या व्याख्येने बेकार नाही. ही फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. जगभर बहुतेक असेच मोजतात. पण बेकारी अमुक टक्के घटली अशी बातमी वाचताना त्यातला 'तासभर' लक्षात ठेवावा. आणि ज्याला पुस्तके छुपी बेकारी म्हणतात, म्हणजे दोघांच्या कामाला पाचजण लागलेले असतात, ती बाबासाहेबांनी १९१८ सालच्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात दाखवून दिली होती. शेतीवर पोसली जाणारी जादा माणसे उद्योगधंद्यांत नेल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

आता करांकडे वळू. 'आम्ही कर भरतो आणि आमच्या पैशावर यांना स्कॉलरशिपा मिळतात' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मागासवर्गीय पदवीधर विरळा. मी ते विद्यार्थी असताना ऐकले आणि आता प्राध्यापकांच्या खोलीत ऐकतो. या वाक्यात 'कर' या शब्दाचा अर्थ केवळ प्राप्तिकर असा गुपचूप केलेला असतो. प्राप्तिकर हा प्रत्यक्ष कर. ज्याच्यावर बसतो, त्यालाच तो सोसावा लागतो. अप्रत्यक्ष कर दुकानदार भरतो आणि किमतीत मिसळून आपल्याकडून वसूल करतो. अंगाचा साबण, डोक्याचे तेल, दाताची पेस्ट यांवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत शेकडा १८ वस्तू व सेवा कर होता, त्या दिवसापासून तो ५ झाला. म्हणजे तोवर शंभर रुपयांच्या तेलावर अठरा रुपये आपली म्हातारी भरत होती, आणि तिला करदाती कोणी म्हटले नाही.

ओझे कोणावर जास्त, हे रकमेवरून ठरत नाही, मिळकतीशी असलेल्या प्रमाणावरून ठरते. समजा, महिना १२,००० मिळवणाऱ्या घराने खरेदीतून ४०० रुपये कर भरला आणि दोन लाख मिळवणाऱ्याने २,०००. दुसऱ्याने पाचपट भरला. पण पहिल्याच्या मिळकतीतून शेकडा तीन रुपयांहून अधिक गेले, दुसऱ्याच्या मिळकतीतून शेकडा एक. अशा कराला अर्थशास्त्रात 'प्रतिगामी' म्हणतात. आपल्या चळवळीत हा शब्द वेगळ्या अर्थाने, बहुधा शिवीसारखा वापरतात. येथे तो निव्वळ गणिती आहे, तरी मला दोन्ही अर्थ जवळचे वाटतात. दोन लाखवाला वर प्राप्तिकर भरतो, हे खरे, आणि तो भरलाच पाहिजे. मिळकतीबरोबर दर चढत जाणे यालाच 'प्रगतिशील' कर म्हणतात. पण २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत वर्षाला बारा लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यालाही सवलतीमुळे प्राप्तिकर पडत नाही. तेव्हा वरचे वाक्य बोलणाऱ्यांपैकी बरेचजण स्वतःच त्या अर्थाने करदाते उरलेले नाहीत.

याच महाराष्ट्रात करासंबंधीचा एक चांगला प्रयोगही झाला, तो सांगितला पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात होती; सुकडीच्या आठवणी तिने शेवटपर्यंत सांगितल्या. त्या दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना मोठी झाली. तिची कल्पना वि. स. पागे यांची, पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरला. पैसा कोठून आणायचा? १९७५ साली नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला, तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची असे ठरले, आणि १९७७ च्या कायद्याने काम मागणे हा हक्क झाला. शहरातल्या पगारातून कापलेला पैसा माळरानावरच्या मजुरापर्यंत नेण्याची ही वाट होती. २००५ चा राष्ट्रीय कायदा याच वाटेने आला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी दुसरा कायदा मंजूर केला; त्यात दिवस १०० चे १२५ केले, पण खर्चातला बराच मोठा वाटा राज्यांच्या गळ्यात घातला. हक्क लिहिलेला असणे आणि तिजोरीत त्यासाठी पैसा बांधलेला असणे या दोन गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे. आणखी एक. मजुराला रोज मिळाला, पण त्याने खोदलेल्या पाझर तलावाचे पाणी कोणाच्या विहिरीला लागले? ज्याला विहीर होती त्याच्या. खर्चाचा लाभ मोजताना मजुरीपाशी थांबायचे नसते.

सरकारी खर्चाची भाषा सर्वांत फसवी आहे. अर्थसंकल्पात एका योजनेसमोर तीन वेगळे आकडे वेगवेगळ्या वर्षी येतात. मार्चमध्ये जाहीर होते ती तरतूद. वर्ष सरत आले की येतो तो सुधारित अंदाज. आणि पुढे जाऊन कळतो तो प्रत्यक्ष खर्च. वर्तमानपत्रात मथळा पहिल्याचा येतो, दुसऱ्याचा क्वचित, तिसऱ्याचा येतच नाही, कारण तोवर नवी तरतूद जाहीर झालेली असते. आपले पुढारी पहिल्या आकड्यावर सत्कार स्वीकारतात.

१९७९-८० पासून विशेष घटक योजना आली. वरून ओतलेला विकास झिरपत झिरपत आपल्या वस्तीपर्यंत येईल, ही आशा खोटी ठरल्यावर असे ठरले की, एकूण योजना खर्चातून अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा बाजूला काढायचा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तो महाराष्ट्रात शेकडा ११.८ येतो. पण वाटा बाजूला काढणे दोन तऱ्हांनी होते. वसतिगृह बांधले तर पैसा खरोखर आपल्याकडे आला. उलट, जिल्ह्यात रस्ते झाले, त्या रस्त्यांवरून आपणही चालतो, म्हणून खर्चाचा अमुक हिस्सा आपल्या नावे मांडला, तर ती नुसती मांडणी झाली. मग 'वळवणे' आहेच. सामाजिक न्याय खात्याचा पैसा दुसऱ्या योजनेकडे वळवल्याची तक्रार २०२५ साली खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीरपणे केली. तिसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. २०१७-१८ पासून केंद्राने योजना खर्च आणि योजनेतर खर्च हा भेदच काढून टाकला. ज्या आकड्याचा वाटा काढायचा, तो मूळ आकडाच पुसला गेल्यावर प्रमाण कशाशी ताडून पाहायचे?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे उदाहरण मुलांना नीट समजते, कारण त्यांच्या अंगावर त्याचे वळ आहेत. १९४४ साली बाबासाहेब मजूरमंत्री असताना ही शिष्यवृत्ती सुरू झाली. ती केंद्राची, असे सगळे म्हणत. पण मध्ये 'बांधील दायित्व' नावाचा एक शब्द बसलेला होता. पंचवार्षिक योजनेच्या अखेरच्या वर्षी राज्याचा खर्च समजा १०० रुपये होता. पुढच्या योजनेत ते १०० हे राज्याचे बांधील दायित्व झाले. मुले वाढून खर्च ११० वर गेला तर वरचे १० केवळ केंद्राचे. म्हणजे दर योजनेला राज्याचा बोजा वाढत गेला आणि नाव केंद्राचे राहिले. राज्य म्हणे केंद्राकडून आले नाहीत, केंद्र म्हणे आमचे देणे नाही. डिसेंबर २०२० मध्ये वाटणी बदलून ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य अशी झाली. त्याआधीच्या वर्षांत शिष्यवृत्ती आली नाही म्हणून ज्यांचे दाखले, गुणपत्रके कॉलेजांनी अडकवून ठेवली, त्यांना कार्यालयीन खिडकीवर 'वरून पैसे आले नाहीत' एवढेच सांगितले गेले. वर म्हणजे कोठे, हे कोणी सांगितले नाही.

राहिला कर्जाचा विषय. राष्ट्रीय उत्पन्न, परकीय गंगाजळी वगैरे शब्द येथे सोडून देतो. त्यांची चर्चा करणारे पुष्कळ आहेत. व्याजाचे गणित मात्र घरोघर लागते. सावकार 'तीन रुपये शेकडा' म्हणतो ते महिन्याचे, वर्षाचे ३६. पूर्वी आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता, म्हणजे एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नसे. तरीही १८७५ साली पुणे व अहमदनगर भागातल्या कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, ती जाळण्यासारखीच होती म्हणून. आज गावात बचतगटांना कर्ज देणाऱ्या कंपन्या आल्या आहेत आणि काहींचा एजंट 'फक्त बारा टक्के' म्हणतो. येथे एक शब्द विचारावा: सरळ की घटत्या शिलकीवर? दहा हजार कर्ज, बारा हप्ते, व्याज सरळ १,२००. हप्ता ९३३ रुपये. पण सहाव्या महिन्यात जवळजवळ निम्मे मुद्दल फिटलेले असते, तरी व्याज पूर्ण दहा हजारांवरच चालू आहे. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

बँक कमी व्याज घेते, पण ती 'तारण' मागते. जमीन, घर, दागिना यांपैकी ज्याच्याकडे काही आहे त्याचीच पत, असे हे शास्त्र. भूमिहीनाची पत त्याच्या मनगटात आहे, आणि मनगट गहाण ठेवून घ्यायला बँक तयार नाही. मुकादम तयार आहे. उचलीला गिऱ्हाईक का मिळते, त्याचे कारण येथे आहे. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, दुर्बल घटकांना कर्जाचा ठरावीक हिस्सा द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे आणि तो आता शेकडा १२ आहे. त्या दुर्बल घटकांत अल्पभूधारक शेतकरी, कारागीर, बचतगट असे पुष्कळ येतात. अनुसूचित जातींचा त्यात वेगळा हिस्सा ठरवलेला नाही, म्हणून १२ टक्के पुरे झाले तरी आपल्या वस्तीत एकही कर्ज आलेले नसू शकते.

हे सर्व मंत्रालयापर्यंतचे झाले. गावातच पाहायचे तर ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावे लागतात. यातला अडचणीचा शब्द 'उत्पन्न'. सरकारकडून आलेली अनुदाने त्यात धरत नाहीत. घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी असे स्वतःचे उत्पन्न तेवढे धरतात. म्हणून ग्रामसभेत 'आमच्या वस्तीला काय दिले' असे मोघम विचारले की सरपंच सतरंज्यांची आणि पातेल्यांची यादी वाचून दाखवतो. आधी गेल्या वर्षी घरपट्टी किती जमली ते विचारावे, मग तिच्यासह स्वतःचे उत्पन्न एकूण किती, मग त्याचे १५ टक्के किती, मग त्यातले मार्चअखेर प्रत्यक्ष किती खर्च झाले आणि उरलेले कोणत्या खात्यात आहेत. ही उत्तरे तोंडी घेऊ नयेत, अंदाजपत्रकाची आणि जमाखर्चाची नक्कल मागावी. दहावी झालेली कोणतीही मुलगी हा हिशेब वहीच्या एका पानावर मांडू शकते.